बडोद्यातला घरचा ऑक्सिजन : बाटल्यापासून कॉन्सन्ट्रेटरपर्यंत

मंडळी, आपल्या या पानावर दांडिया बाजारातल्या वाड्यांबद्दल, सूरसागरातल्या गणपती विसर्जनाबद्दल, कमाटी बागेबद्दल भरपूर लिहून झालं आहे. आज मी एका मशीनबद्दल लिहिणार आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत ते २०२१ नंतर माळ्यावर जाऊन बसलं आहे, वर जुनी चादर टाकलेली आहे आणि कुणालाच ते टाकवतही नाही, वापरवतही नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या समाजात घरी ऑक्सिजन लावायची वेळ बहुतेक म्हाताऱ्या बायकांवर यायची, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. पुरुषांची फुफ्फुसं विडी-सिगारेटनं जायची, बायकांची चुलीनं. आमच्या आजीनं कधी तंबाखूला हात लावला नाही. पण चाळीस वर्षं खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात आधी लाकडं, मग कोळसा, मग रॉकेलचा स्टोव्ह. १९८७ च्या थंडीत तिला धाप लागली ती उतरलीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजन ठेवा, आणि दिवसातून पंधरा तास तरी लावा.

हा पंधरा तासांचा आकडा त्यांनी मनानं काढला नव्हता. १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले होते. ज्यांच्या रक्तात कायमचाच ऑक्सिजन कमी आहे, अशा फुफ्फुसाच्या रुग्णांना रोज बरेच तास, कमी प्रवाहानं ऑक्सिजन दिला तर ते जास्त वर्षं जगतात, हे त्यातून दिसलं. ब्रिटनच्या अभ्यासात निदान पंधरा तास होते. अमेरिकेच्या अभ्यासात फक्त रात्री घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणाऱ्यांचं बरं चाललं. त्याआधी ऑक्सिजन म्हणजे शेवटच्या घटकेचा उपाय, अशीच घराघरात समजूत होती. बाटला दारात आला की शेजारीपाजारी हळू बोलायला लागायचे.

बाटला हा आपला बडोद्याचा शब्द. पुण्याचे पाहुणे हसायचे, त्यांना सिलिंडर म्हणायची सवय. काळ्या रंगाचा, खांदा पांढरा, आत दीडशे किलोच्या दाबानं कोंबलेला वायू. घरी यायचा तो लहान, बी टाइप, त्यात साधारण दीड हजार लिटर. आता हिशेब करा. मिनिटाला दोन लिटर लावला तर साडेबारा तासांत बाटला रिकामा. म्हणजे पंधरा तासांसाठी रोज एकाहून जास्त. रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा टाकून बाबा बाटला भरून आणायचे, आणि पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी आलं की पलीकडचा रस्ता बंद. पंधरा तासांचे आमच्या घरी आठ झाले, मग सहा. आजी म्हणायची, "मला आता बरं वाटतंय, काढा ती नळी." तिला बरं वाटत नव्हतं, तिला बाबांच्या फेऱ्या दिसत होत्या.

त्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आजही ती तितकीच लागू आहे. बाटल्याच्या तोंडाशी आटे घट्ट झाले होते, चावी फिरेना. शेजारच्या एकांनी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली. आमचे मोठे काका तिथं होते, त्यांनी ती कुपी हातातून अक्षरशः हिसकावली. काका कलाभवनात शिकलेले, पुढे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वेल्डिंगवर होते. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं तर ते ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, आणि दादासाहेब फाळके तिथं शिकले, हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. माझ्या मते कलाभवनानं बडोद्याला दिलेली खरी गोष्ट म्हणजे घरटी एक असा माणूस, जो उपकरण उघडण्याआधी थांबून विचार करायचा. तसे काका आता फार उरले नाहीत.

आजी १९८९ मध्ये गेली. बाबांना तोच आजार २००३ मध्ये निघाला, आणि त्यांच्यासाठी आम्ही कॉन्सन्ट्रेटर घेतला. पाच लिटरचा, पंचवीसेक किलोचा, लहान फ्रिजएवढा, खाली चाकं. मला त्या मशीनची ओळख करून घ्यावी लागली नाही, कारण त्याचा थोरला भाऊ मी नोकरीभर सांभाळला होता. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होतो. कारखान्यात कंट्रोल व्हॉल्व्ह चालवायला जी हवा लागते ती पूर्ण कोरडी लागते. त्यासाठी दोन उभे टॉवर असतात, आत शोषक गोळ्या भरलेल्या. एका टॉवरमधून दाबानं हवा जाते, गोळ्या ओलावा धरतात. तेवढ्यात दुसऱ्या टॉवरचा दाब सोडून देतात, त्यानं धरलेला ओलावा बाहेर पडतो. मग अदलाबदल. दिवसरात्र फुस्स, फुस्स आवाज.

एस्सो कंपनीतल्या चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांनी ही युक्ती बसवली, १९६० मध्ये त्यांना पेटंट मिळालं. घरचा कॉन्सन्ट्रेटर तेच करतो, फक्त ओलाव्याऐवजी नायट्रोजन धरतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, सुमारे एक टक्का आर्गॉन. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती झिओलाइटच्या डब्यात जाते, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो, ऑक्सिजन पुढे निसटतो. काही सेकंदांत व्हॉल्व्ह फिरतो, दुसरा डबा कामाला लागतो आणि पहिला फुस्स करून नायट्रोजन खोलीतच सोडतो. आर्गॉन मात्र ऑक्सिजनच्या बरोबरीनं पुढे जातो, म्हणून कितीही उत्तम मशीन असलं तरी ९५-९६ टक्क्यांच्या वर जात नाही. नव्या मशीनवर ९३, तीन कमी-जास्त, असं लिहिलेलं असतं ते यामुळे. कुणी शंभर टक्क्यांची हमी देत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

झिओलाइटबद्दल थोडं विषयांतर करतो, आवडेल तुम्हाला. हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ साली दिलं. एक दगड तापवला तर त्यातून उकळल्यासारखी वाफ निघाली, म्हणून ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड'. या जातीचे जगातले अतिशय सुंदर नमुने आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगरकडच्या खाणी आणि विहिरी खोदताना पोकळीत जे पांढरे, गुलाबी स्फटिक निघतात त्यात स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे झिओलाइट भरपूर. बोरघाटात रेल्वेचे बोगदे खणले तेव्हा निघालेले नमुने विलायतेच्या संग्रहालयांत गेले. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल. आपला पावागडही त्याच ज्वालामुखीच्या कुळातला. मशीनमधला झिओलाइट मात्र खाणीतला नाही, कारखान्यात बनवलेला. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ च्या सुमारास तो कृत्रिम रीतीनं करायची वाट काढली, १९५४ पासून विक्री सुरू झाली. पुढे लिथियम घातलेला प्रकार आला, नायट्रोजन धरण्यात फार वरचढ. १९७० च्या दशकात अमेरिकेत हे यंत्र घराघरात जाऊ लागलं, आपल्याकडे पोचायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

या दगडाचा एक स्वभाव लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. त्याला नायट्रोजनपेक्षा पाणी फार जास्त आवडतं. एकदा ओलावा आत शिरला की तो ती जागा सोडत नाही, आणि नायट्रोजन धरायला जागा उरत नाही. मशीन चालतं, आवाज तोच, नळीतून वारा तोच. फक्त तो वारा हळूहळू साध्या हवेसारखा होत जातो.

बाबा त्या मशीनवर सात वर्षं जगले. वीज साधारण साडेतीनशे वॅट, पंधरा तासांचे रोज सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. लाइट गेली की मशीन किंचाळायचं, आई जीईबीला फोन लावायची आणि मी बाटला जोडायचा. बाटला घरातून कधीच गेला नाही. ज्यांच्या घरी कॉन्सन्ट्रेटर आहे त्यांच्या घरी भरलेला बाटला आणि त्याची चावी हवीच. चावी बाटल्यालाच सुतळीनं बांधून ठेवा, देवघराच्या खणात नको.

देवघर म्हटलं म्हणून सांगतो. आईनं सगळ्यात मोठा बदल केला तो पूजेच्या वेळेत. बाबांच्या खोलीत समई, उदबत्ती, कापूर बंद. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात दुसरं काहीही भयंकर वेगानं जळतं. नळी उशीवर काढून ठेवून मशीन चालूच ठेवलं तर उशी, पांघरूण, अंगावरचा सदरा ऑक्सिजननं भिजल्यासारखे होतात. म्हणून नळी काढली की आधी मशीन बंद, आणि त्यानंतरही काही वेळ कपड्यांत तो राहतो, तेवढ्यात गॅसपाशी जाऊ नये. पेटत्या ज्योतीपासून निदान दहा फूट. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन, बाम, खोबरेल तेल लावायचं नाही, पाण्यावर आधारलेलं मलम डॉक्टरांकडून घ्यायचं. १ मे २०२१ च्या पहाटे शेजारच्या भरूचला कोविड रुग्णालयात आग लागून अठरा जण गेले, तेव्हापासून बडोद्यात हे कुणाला दोनदा सांगावं लागत नसेल असं वाटलं होतं. तरी परवा एका घरी मशीनच्या डोक्यावरच उदबत्तीचं घर पाहिलं.

आता २०२१. एप्रिल-मे महिन्यांत सयाजी हॉस्पिटल आणि गोत्री दोन्ही भरलेली, बाटल्यांसाठी रांगा. २४ एप्रिलला केंद्र सरकारनं ऑक्सिजन उपकरणांवरचं मूळ सीमाशुल्क माफ केलं, १ मेपासून स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या कॉन्सन्ट्रेटरवरचा कर २८ टक्क्यांवरून १२ वर आणला, आणि ३ जूनला नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली. जून येईपर्यंत ज्यांना ज्या भावानं घ्यायचं होतं त्यांनी घेतलं होतं. न्यू जर्सी, टोरांटो, दुबईहून आपल्याच मुलामुलींनी मशीनं पाठवली. आपल्या मंडळाकडे चौदा जमली. त्या दोन महिन्यांत ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिली, स्कूटरवर पायाशी धरून सुद्धा. त्यांनी माणसं वाचवली, यात शंका नाही. त्या दिवसांत कुणी ती तपासली नाहीत, आणि तपासायला वेळही नव्हता.

मग लाट ओसरली, मशीनं मंडळाच्या मागच्या खोलीत गेली. ती खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना भिंतीवरची ओल आठवत असेल. दोन पावसाळे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये वाडीतल्या एका घरी आजींना मशीन हवं होतं. मंडळानं दिलं. चार दिवसांनी त्यांच्या सुनेचा मला फोन आला, "काका, मशीन मस्त चालतंय, बाटलीत बुडबुडे येताहेत, तीनवर ठेवलंय, पण बोटावरचं यंत्र चौऱ्यांशी दाखवतंय. पाचवर करू का?" मी म्हटलं प्रवाह वाढवू नका. आधी बाटला जोडा, मी येतो, आणि डॉक्टरांना फोन करा. प्रवाह किती ठेवायचा हा डॉक्टरांचा निर्णय आहे. जुनाट दम्याच्या काही रुग्णांत ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो, माणूस गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटतं छान झोप लागली.

बाटल्यावर आजी दहा मिनिटांत ९१ वर आल्या. म्हणजे फुफ्फुसं तीच, नळी तीच, फरक मशीनचा. मी ॲनालायझर नेला होता. आधी तो मोकळ्या हवेत धरून २०.९ दाखवतो ना ते बघितलं, मशीन वीस मिनिटं चालू दिलं, मग तीन लिटरवर मोजलं. ५८ टक्के. निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या तांत्रिक पुस्तिकेत कॉन्सन्ट्रेटरसाठी ८२ टक्क्यांची खालची मर्यादा दिलेली आहे, त्याखाली गेलं की मशीननं ओरडायला हवं. हे ओरडलं नव्हतं. मंडळात आणून प्लग काढला, थोडा वेळ थांबून मागचं झाकण उघडलं. भोंग्याची तार कापून वर नीट टेप गुंडाळलेली. कुणा दुरुस्तीवाल्यानं 'सारखा वाजतो' या तक्रारीवर केलेला इलाज. बिलावर 'सर्व्हिस पूर्ण' असं लिहिलेलं होतं.

त्या रविवारी मंडळाची बैठक झाली. मी चौदाही मशीनं तपासल्याशिवाय एकही बाहेर द्यायचं नाही असं मांडलं. विरोध झाला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. खजिनदार म्हणाले, "अहो, लोक दारात उभे असतात. नसण्यापेक्षा साठ टक्के तरी बरा ना?" ऐकायला पटतं. पण साठ टक्क्यांचं मशीन घरात आलं की घरचे बाटला परत करतात, दवाखान्यात जायचं पुढे ढकलतात, आणि आकडा खाली गेला की दोष आजारावर टाकतात. वाडीच्या सूनबाईंनी बोटावरचा आकडा पाहिला नसता तर? बैठकीत याला कुणाकडे उत्तर नव्हतं. ठराव झाला.

तपासणीला तीन रविवार लागले. पाच मशीनं ९० च्या वर निघाली, तशीच ठेवली. चार दुरुस्त होण्यासारखी होती. एकाचा आत हवा घेणारा फिल्टर कोळशासारखा काळा, एकाचा पंखा जॅम, एकाची आतली नळी सांध्यातून सुटलेली, एकाच्या कॉम्प्रेसरच्या पिस्टनचं टेफ्लॉनचं सील झिजलेलं. ही कामं कंपनीच्या अधिकृत माणसाकडून, खरे सुटे भाग घालून करून घेतली, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजली. उरलेल्या पाचांतल्या चारांत झिओलाइट ओला झालेला, नवे डबे बसवणं मशीनच्या किमतीच्या इतकं जवळ जात होतं की ती भंगारात काढली.

पाचवं मशीन अमेरिकेतलं होतं. आपल्यातल्या एका कुटुंबानं मुलाच्या नावानं दिलेलं. मुलगा मे २०२१ मध्ये गेला, त्याच्या बहिणीनं तिकडून मशीन पाठवलं ते तो गेल्यावर नऊ दिवसांनी पोचलं. वर पितळेची पाटी, त्याचं नाव. झिओलाइट कोरडा, मशीन जवळजवळ नवं. पण ते ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं. सोबत ट्रान्सफॉर्मर होता, त्यानं व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची. कॉम्प्रेसरची मोटर सहाव्या हिश्शानं हळू फिरते, तेवढी हवा कमी दाबते, आणि वर जास्त तापते. पाच लिटरवर ७६ टक्के आले, अर्ध्या तासात कॉम्प्रेसरच्या बाजूला हात ठेववेना.

वडील समोर बसले होते. म्हणाले, "दोन लिटरवर तर नव्वद येतंय. दोनवाल्या पेशंटला द्या." मी म्हटलं, काका, मोटर तापतेय, रात्री कुणाच्या उशाशी हे ठेवणार? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि पाटीचे चार स्क्रू स्वतः काढले. पुढच्या महिन्यात त्यांनी मंडळाला एक चांगला ॲनालायझर घेऊन दिला, त्याच्या पेटीवर ती पाटी आहे. माझा स्वतःचा ॲनालायझर तेव्हापासून घरी असतो.

बैठकीनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, घरी काय करायचं, काय नाही. घरच्यांचं काम बाहेरचं आणि सोपं आहे, पण नियमानं करायचं. बाहेरची स्पंजसारखी जाळी आठवड्यातून एकदा सौम्य साबणानं धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायची. बडोद्याच्या ऑगस्टमध्ये ती दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन जाळ्या ठेवा. ओली जाळी म्हणजे आपण हातानं झिओलाइटला पाणी पाजणं. आतला बारीक फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो, किती तासांनी ते पुस्तिकेत असतं आणि चाललेले तास मशीनवरच्या मीटरवर दिसतात. बुडबुड्यांच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, रोज ताजं, खुणेच्या वर नाही. फ्लो मीटरमधली गोळी डोळ्यांच्या पातळीवर येऊन, गोळीच्या मध्यावर वाचायची. उभ्यानं वाचलं तर चुकतं. मशीन भिंतीपासून फूटभर दूर, पडद्याला चिकटून नाही, कपाटात तर नाहीच. प्लग थेट भिंतीत, अर्थिंग असलेला. कूलर आणि मिक्सर लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर नाही.

साफ करताना प्लग काढून, किंचित ओल्या फडक्यानं. फवारा मारायचा नाही. चाकं कुरकुरली तरी तेलाची कुपी जवळ आणायची नाही. कॉम्प्रेसर मुद्दाम बिनतेलाचा बनवलेला असतो, कारण त्याची हवा थेट माणसाच्या छातीत जाते. सांध्यातून गळती वाटली तर साबणाचं पाणी कापसानं लावून बुडबुडे बघा, तेही फक्त बाहेरच्या नळीला आणि बाटलीच्या झाकणाला. बहुतेक वेळा गुन्हेगार ते झाकणच असतं, वाकडं बसलेलं.

झाकणाच्या आत हात घालायचा नाही. प्लग काढला तरी मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते, मी चाळीस वर्षं हे काम केलं आहे तरी आधी ती उतरवल्याशिवाय बोट लावत नाही. झिओलाइटचे डबे घरी उघडून नवे दाणे भरायचे व्हिडिओ फिरतात. त्या डब्यात दाणे स्प्रिंगनं दाबून बसवलेले असतात, झाकण तोंडावर उडू शकतं. आणि नवे दाणे पावसाळ्यातल्या उघड्या हवेत भरता भरताच ओलावा पिऊन बसतात, पिताना तापतात सुद्धा. म्हणजे पैसे गेले आणि मशीन होतं तिथंच. नळीपाशी उदबत्ती धरून 'ज्योत वाढली म्हणजे ऑक्सिजन चांगला' असं दाखवणारेही आहेत, त्यांच्याबद्दल मी इथं लिहीत नाही, समजून घ्या. ग्लासातल्या पाण्यात नळी बुडवून बुडबुडे बघणं निरुपद्रवी आहे, पण त्यावरून वारा येतोय एवढंच कळतं, वाऱ्यात किती ऑक्सिजन आहे ते कळत नाही. ते फक्त ॲनालायझर सांगतो.

भोंगा वाजला तर तो बंद करायचा प्रयत्न नको. रुग्णाला बाटल्यावर घ्या, मग बघा. लाइट गेली का, नळी पायाखाली मुडपली का, जाळी तुंबली का. या तिन्हीत काही नसेल तर फोन.

आणि माळ्यावरचं मशीन. महिन्यातून एकदा खाली काढून काही तास चालवा, नंतर ऑक्सिजन निघतो त्या तोंडावर टोपी लावून कोरड्या खोलीत ठेवा. तसं केलेली मशीनं तिसऱ्या वर्षीही ९२ दाखवताना मी पाहिली आहेत. दोन-तीन पावसाळे तसंच पडलं असेल तर मोजल्याशिवाय कुणाला देऊ नका, मागणारा कितीही जवळचा असला तरी.

आज मंडळाकडे नऊ मशीनं आहेत, त्यातली सहा घरांत. प्रत्येकाला वही बांधली आहे, तास, तारीख, दोन आणि पाच लिटरवरचा आकडा. वाडीच्या आजींकडे सध्या सात नंबर आहे, मागच्या महिन्यात ९३ होता. दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या पुढच्या खोलीत मी बसतो, मागच्या नाही. मशीन उभंच आणा, आडवं नको. सोबत पुस्तिका असेल तर तीही आणा, आणि घरी आजारी माणूस त्यावर असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तेवढ्या वेळापुरता आधी बाटला पोचवता येईल.